घर कोण बघणार?

पन्नाशी ओलांडलेल्या माणसानं काही नवं करायचं म्हटलं की आमच्या हिंगोलीकडे दोन वाक्यं ठरलेली असतात. मराठीत, "आता या वयात?" आणि आमच्या दखनीत, "अब क्या पढको कलेक्टर बनना है?" दोन्हींच्या शेवटी प्रश्नचिन्ह असतं, पण उत्तर कुणालाच नको असतं. विचारणारा विचारतो आणि चहाचा कप उचलतो.

दुसरीकडे रोज सकाळी मोबाइलवर गुलाबाच्या फुलासकट सुविचार येतात. वय म्हणजे फक्त आकडा, मन तरुण ठेवा, स्वप्नांना वय नसतं. मला हेही पटत नाही. वय हा फक्त आकडा नसतो. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला आणि दुसऱ्याचा पिकायची वाट बघत असलेल्या माणसाला विचारा. जमिनीवर मांडी घालून बसता येत नाही, नमाज खुर्चीवर पढावी लागते, शुगरची गोळी वेळेवर घेतली नाही तर हात थरथरतात. या शरीरानं नवं काम शिकायचं असेल तर त्याला वेळ जास्त लागतो, उजेड जास्त लागतो आणि बसायला पाठीची खुर्ची लागते. हे मान्य करूनच पुढे बोललं पाहिजे.

पण "आता या वयात?" या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो. तो उघड कुणी विचारत नाही, कारण विचारला तर विचारणाऱ्याचंच पितळ उघडं पडेल. तो प्रश्न म्हणजे, "मग घर कोण बघणार?" मला आज त्याच्यावरच लिहायचं आहे. माझं निरीक्षण असं, की उतारवयात लोकांची स्वप्नं हिमतीअभावी अडत नाहीत. हिंमत आमच्याकडे पुष्कळ आहे. ती अडतात दुपारच्या दोन तासांपाशी. ते दोन तास घरातलं कोण कुणाला देणार, याची वाटणी झालेली नसते म्हणून.

आपल्या समाजात उतारवयातलं एक स्वप्न मात्र सगळ्यांना मान्य आहे. हजचं. साठीचा माणूस म्हणाला की यंदा नंबर लागलाय, तर "आता या वयात?" असं कुणाच्याही तोंडून निघत नाही. उलट सगळं घर कामाला लागतं. हज कमिटीकडून गेलं तर साधारण चाळीस दिवस माणूस घराबाहेर असतो. तेवढे दिवस दुकान मुलगा उघडतो, जावई येऊन-जाऊन असतो, सून सासूच्या वाटची कामं उचलते, शेजारीण नातवंडांना शाळेत सोडते. पैसे कमी पडले तर भाऊ उसने देतात. ज्यांना कधी सातबारा कळला नाही त्या चाच्या पासपोर्टचं पोलीस व्हेरिफिकेशन करून घेतात, लसीकरणाला जातात, विमानात बसतात, अरबी दुआ पाठ करतात. सगळं नवं असतं. सगळं साठीत शिकलेलं असतं. शेजारच्या हिंदू घरांत वारीचं असंच असतं. पेरण्या उरकून आई-वडील पंढरपूरला निघाले की पंधरा-वीस दिवस घर त्यांच्यावाचून चालतं, आणि चांगलं चालतं.

म्हणजे घराला जागा करता येते, ती करायची रीतही ठाऊक आहे. फक्त ती इबादतीसाठी आणि भक्तीसाठी राखून ठेवली आहे. इबादतीच्या जागी दहावीची परीक्षा ठेवा, शिवणाचा क्लास ठेवा, हार्मोनियम ठेवा; तेच घर म्हणतं, आम्हाला जमणार नाही.

यावर एक धार्मिक वाटणारा आक्षेप येतो, तोही उरकून घेतो. काही मंडळी म्हणतात, हे वय तसबीह ओढायचं आहे, पुस्तकं उघडायचं नाही. त्यांना मी मर्व शहरातल्या कुलूपवाल्याची गोष्ट सांगतो. अबू बक्र अल-कफ्फाल. अरबीत कुफ्ल म्हणजे कुलूप, आपला मराठी शब्दही तिथूनच आलेला. हा माणूस कुलपं बनवायचा, आणि इतकी बारीक बनवायचा की त्याची ख्याती होती. तिशीच्या आसपास त्यानं फिक्ह शिकायला सुरुवात केली. त्या काळी ज्या वयात इतर लोक शिकवायला बसायचे त्या वयात हा शिकायला बसला. पुढे शाफई पंथाच्या मोठ्या इमामांत त्याची गणना झाली. नव्वदीत, हिजरी ४१७ साली तो वारला. आपले कोकणातले भाऊ शाफई आहेत. त्यांच्या फिक्हच्या परंपरेत हा कुलूपवाला मानाच्या जागी बसलेला आहे. तेव्हा धर्माच्या नावानं कुणी वहीला कुलूप लावू नये, एवढंच.

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. पाच तालुके, कयाधू नदी, हळद आणि सोयाबीन. शहरातल्या हळदीच्या बाजाराला संत नामदेवांचं नाव आहे, कारण कयाधूच्या काठचं नर्सी हे परंपरेनं नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. उशिरा नवं काम हाती घेण्याविषयी लिहायचं आणि नामदेवांना वगळायचं, हे हिंगोलीच्या माणसाला शोभणार नाही.

नामदेवांचं आयुष्य आपण शाळेत शिकतो ते विठ्ठलाला नैवेद्य भरवणाऱ्या बाळापुरतं. मला त्यांच्या आयुष्याचा पुढचा भाग जास्त भावतो. पंढरपुरात त्यांचं नाव झालेलं होतं. अशा वेळी संतांच्या मेळ्यात गोरा कुंभारानं थापटण्यानं एकेकाच्या डोक्यावर मारून बघितलं आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं, अशी कथा आहे. नाव झालेल्या माणसाला चारचौघांत कच्चं म्हणणं किती लागलं असेल! पण ते उठले आणि औंढ्याला विसोबा खेचरांकडे शिकायला गेले. औंढा नागनाथ हा आज आमच्याच जिल्ह्यातला तालुका. प्रसिद्धी मिळाल्यावर पुन्हा शिष्य व्हायचं, हे आजच्या आमच्या साहित्यिकांनाही जमत नाही, पण तो विषय वेगळा.

त्यानंतर ज्ञानेश्वरांची समाधी झाली, १२९६ साली. नामदेव पुढे उत्तरेकडे निघाले. पंजाबात गुरुदासपूर जिल्ह्यात घुमान नावाचं गाव आहे. आयुष्याच्या उत्तरार्धातली सुमारे दोन दशकं त्यांनी तिकडे काढली असं परंपरा मानते. मुलूख परका, पाणी परकं, भाषा परकी. ज्या शिंप्यानं मराठीत अभंग रचले, तो तिकडच्या लोकांच्या बोलीत पदं रचू लागला. १६०४ साली गुरू अर्जन देवांनी आदिग्रंथ सिद्ध केला. गुरू ग्रंथ साहिबात आज नामदेवांची ६१ पदं आहेत, त्याच ग्रंथात शेख फरीद आहेत, कबीर आहेत. राग तिलंगातल्या त्यांच्या पदांत करीम, रहीम असे शब्द येतात. नर्सीचा माणूस उतारवयात जी भाषा शिकला तीत आमच्या घरातले शब्दही होते, याचं मला फार अप्रूप वाटतं. २०१५ च्या एप्रिलमध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन, ८८ वं, याच घुमानला भरलं होतं. अध्यक्ष सदानंद मोरे होते. तेव्हा आमच्याकडून बरेच लोक रेल्वेनं गेले आणि परत आल्यावर महिनाभर फक्त लस्सीबद्दल बोलत होते.

पण नामदेवांच्या गोष्टीत एक बाजू आहे जी कीर्तनात हसण्यावारी नेली जाते. गाथेत त्यांच्या आईच्या, गोणाईच्या नावे अभंग आहेत. पत्नी राजाईच्या नावेही आहेत. आणि त्यांत गाऱ्हाणी आहेत. घरात खायला नाही, हा शिवणकाम करत नाही, देवाच्या नादी लागलाय, पोराबाळांचं काय? कीर्तनकार हे रंगवून सांगतो आणि श्रोते हसतात, जणू त्या दोन बायकांना भक्ती कळली नव्हती. मला वाटतं त्यांना सगळं कळत होतं. त्या हिशेब मांडत होत्या. एक माणूस मोठ्या कामाला निघाला की मागे चूल, दळण आणि देणेकरी कुणाच्या तरी वाट्याला येतात. सातशे वर्षं झाली तरी तो हिशेब त्या परंपरेतून कुणी खोडून टाकला नाही, हे वारकऱ्यांचं मोठेपण. आपण तो नुसता ऐकत आलो.

आमच्या बाजूचं उदाहरण द्यायचं तर हमीद दलवाईंच्या घराचं देता येईल. दलवाईंच्या विचारांशी अनेक वाचकांचं पटत नाही हे मला ठाऊक आहे, माझंही सगळं पटत नाही, पण इथे मुद्दा त्यांच्या पत्नीचा आहे. हमीदभाई चळवळीत फिरायचे तेव्हा घर चालायचं ते मेहरुन्निसा दलवाईंच्या खादी आयोगातल्या नोकरीवर. १९७७ साली हमीदभाई गेले, चौवेचाळिसाव्या वर्षी. त्यानंतर मेहरुन्निसा स्वतः बोलायला लागल्या, फिरायला लागल्या आणि कितीतरी वर्षांनी 'मी भरून पावले आहे' हे आत्मचरित्र आलं. उर्दू बोलणाऱ्या घरातून आलेल्या बाईचं मराठी आत्मचरित्र. नवऱ्याचं स्वप्न तरुणपणी पुरं व्हायला निघालं, कारण बायकोचा पगार होता. बायकोचा आवाज छापून यायला मात्र म्हातारपण उजाडावं लागलं. लक्ष्मीबाई टिळकांचंही तसंच. शाळा नाही, लिहिणं-वाचणं लग्नानंतरचं, आणि 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून पुस्तकरूपानं यायला लागली तेव्हा त्या पासष्टीच्या पुढे होत्या. रेव्हरंड टिळकांचं अर्धवट राहिलेलं 'ख्रिस्तायन'ही त्यांनीच त्यांच्यामागे पूर्ण केलं.

आता माझं स्वतःचं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो, अठ्ठावन्नला निवृत्त झालो, पेन्शन आहे. म्हणून मी आता लिहितो, जुनी दखनी गाणी गोळा करत गावोगाव फिरतो, तर लोक कौतुकानं म्हणतात, गुरुजींनी छान छंद लावून घेतला. पण पेन्शन आमच्या मोहल्ल्यात किती जणांना? २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालानं सांगितलंच होतं, की मुसलमान मोठ्या प्रमाणात स्वयंरोजगारात आहेत आणि पगारी नोकरीत कमी आहेत. गॅरेज, फळांचा गाडा, वेल्डिंग, शिवण, भंगार, बांधकाम. या धंद्यांत निवृत्ती नसते. गुडघे थांबले की धंदा थांबतो. "रिटायर झाल्यावर बघू" हे वाक्य ज्याच्या तोंडी शोभतं तो आधीच नशीबवान आहे.

आमच्या गल्लीत एक पिंजारी चाचा आहेत. पासष्टीला टेकलेत. चाळीस वर्षं कापूस पिंजला, गाद्या-रजया भरल्या. मग फोमच्या गाद्या आल्या, हप्त्यावर आल्या, आणि लोकांनी कापसाच्या गाद्या उसवून गोधडीत घातल्या. चाचांना लहानपणापासून झाडांचा नाद. कलमं बांधायला शिकायचं होतं, पण बापानं हातात धनुकली दिली. तीन वर्षांपूर्वी ते एका ओळखीच्या रोपवाटिकेवर रोजानं कामाला गेले, पोराच्या वयाच्या माणसाकडून डोळा भरणं, पाचर कलम शिकले आणि आता घरामागच्या जागेत लिंबू, पेरू, सीताफळाची रोपं करतात. जून ते ऑगस्ट विक्री असते, बाकीचे महिने नुसतं पाणी घालायचं. कमाई गादीच्या चांगल्या दिवसांपेक्षा कमी आहे. पण चाचा खूश आहेत. कापसाच्या धुळीनं येणारा खोकलाही कमी झालाय म्हणतात.

मी हे उदाहरण जिथे-तिथे सांगायचो. मग एकदा चाची म्हणाल्या, "पिशव्या कोन भरताय वो भी बोलो ना." काळ्या पिशव्यांत माती, शेणखत आणि वाळू मिसळून भरायची, एका हंगामाला हजारांच्या संख्येनं. ते काम चाची आणि त्यांची लेक करतात. पहाटेचं पाणीही चाचीच घालतात, कारण चाचा फजरनंतर पुन्हा पडतात. आता मी गोष्ट सांगताना दोघांची मिळून सांगतो. चाचांना ते फारसं आवडत नाही.

आणि आता आपा. ती माझी धाकटी बहीण, वय छप्पन्न. मोहल्ल्यात सगळे तिला आपा म्हणतात म्हणून मीही इथे आपाच म्हणतो. सातवीनंतर तिची शाळा सुटली, कारण पुढचे वर्ग दूर होते आणि घरात लहान भावंडं होती. तिशीपासून ती ब्लाऊज, पंजाबी ड्रेस, बुरखे शिवते. हात इतका साफ, की कापड टेबलावर टाकलं की खडू न लावता कात्री चालते. मुलींना शिकवायची तिला फार हौस. गेल्या वर्षी एका खासगी प्रशिक्षण केंद्रात शिवण शिकवणारी बाई हवी होती. काम बघून ते खूश झाले, महिन्याचा पगारही ठरला, आणि मग दहावीचं मार्कशीट मागितलं. तिथेच विषय संपला. ज्या बाईनं केंद्रातल्या अर्ध्या मुलींच्या आयांचे कपडे शिवलेत, तिला मार्कशीट नाही म्हणून परत पाठवलं.

आपा घरी येऊन रडली वगैरे नाही. तिनं मला विचारलं, "भाई, वो सतरा नंबर का फॉर्म क्या रहता?" सतरा नंबर म्हणजे बाहेरून दहावी-बारावीला बसायचा फॉर्म, महाराष्ट्रात हा शब्द कुणालाही माहीत असतो. शाळा सोडल्याचा दाखला तिनं लग्नाच्या पेटीत जपून ठेवलेला होता. पिवळा पडलाय, पण शिक्का स्पष्ट आहे. पस्तीस वर्षं पेटीत दाखला जपणारी बाई कशाची वाट बघत होती, हे मी तिला विचारलं नाही.

विरोध झाला तो घरातून, आणि तो जिथून झाला त्यानं मला विचार करायला लावलं. मुलं हो-नाही करत होती. खरी हरकत सुनेची होती. सून खासगी दवाखान्यात नर्स आहे. सकाळी आठला जाते, कधी रात्रपाळी असते. दोन लहान मुलं आपाजवळ असतात. सून मला स्पष्ट म्हणाली, "मामू, अम्मी पढायला बसल्या तर माझी ड्युटी जाईल." तिला वाईट ठरवणं सोपं आहे, आणि दोन-तीन नातेवाईक बायकांनी ते लगेच केलंही. पण तिचं काय चुकलं? तीही शिकलेली, तीही गरीब घरातून आलेली, तिची नोकरी सासूच्या फुकटच्या मेहनतीवर उभी आहे आणि हे तिला चांगलं माहीत आहे. आधी सासूचं स्वप्न की आधी सुनेचं, असा तो वाद होऊन बसला. दोन बायका एका चुलीपाशी समोरासमोर उभ्या, आणि आपाचा थोरला मुलगा, म्हणजे त्या मुलांचा बाप, मधल्या खोलीत मोबाइल बघत बसलेला. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसतं, तो दुकानातच डुलक्या काढतो.

मी त्याला म्हणालो, ते दोन तास घरी ये आणि पोरांना सांभाळ. तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतोय.

ही गोष्ट अजून संपलेली नाही, म्हणून तिचा शेवट सांगत नाही. सध्या आठवड्यातले तीन दिवस तो येतो. बाकी दिवशी नातवंडं आपाच्या वहीवर रेघोट्या ओढतात. भूमितीचं कापड तिला पटकन कळतं, बीजगणित अजून अंगावर येतं. परीक्षा पास होईल की नाही सांगता येत नाही, पण तिला घरातून रोज दोन तास मिळायला हवेत की नाही, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आणि ते तास सुनेच्या वाट्यातून काढायचे नाहीत.

सरकारी योजनांकडे याच नजरेनं बघितलं तर काही गोष्टी खटकतात. सप्टेंबर २०२३ मध्ये पीएम विश्वकर्मा योजना आली. वयाची वरची अट नाही, ही चांगली गोष्ट. पाच टक्के व्याजानं आधी एक लाख, मग दोन लाखांपर्यंत कर्ज, अवजारांसाठी पंधरा हजार. अठरा धंद्यांच्या यादीत शिंपी आहे, गवंडी आहे, अगदी कुलूपवालाही आहे. पिंजारी नाही. आमच्या चाचांसारख्यांचा धंदा मोडला आणि यादीत त्यांचं नावही आलं नाही. दुसरं, लाभ एका कुटुंबातल्या एकालाच. नवरा गवंडी म्हणून नोंदला गेला की शिवण करणारी बायको बाहेर. आमच्याकडे कुटुंबातला तो 'एक' कोण असतो हे सांगायला नको. पीएमईजीपीमध्येही वयाची वरची मर्यादा नाही, पण सेवा उद्योगाचा प्रकल्प पाच लाखांच्या वर आणि उत्पादनाचा दहा लाखांच्या वर असेल तर किमान आठवी पास लागते. म्हणजे सातवीत शाळा सोडलेल्या आपासारख्या बाईला मोठं वर्कशॉप काढायचं असेल तर आधी पुस्तकच उघडावं लागणार.

कर्जाचं निघालं म्हणून एक सावधगिरीचं बोलतो. उतारवयातल्या नव्या कामासाठी राहतं घर गहाण ठेवू नये, मुलीच्या लग्नाचे किंवा शिक्षणाचे पैसे मोडू नयेत. पंचविशीतला माणूस बुडाला तर पुन्हा पोहून वर येतो. साठीतला बुडाला तर मुलांना घेऊन बुडतो. चाचांचं मला पटलं ते यासाठी, की त्यांनी आधी दुसऱ्याकडे रोजानं काम करून शिकून घेतलं, मग घरामागच्या मोकळ्या जागेत सुरुवात केली. दुकानाचा गाळा, रंगीत बोर्ड, उद्घाटनाला आमदार, असलं काही केलं नाही.

वेळ जुळवून दिली तर काय होतं याची उदाहरणं आपल्याच राज्यात आहेत. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं गाव आहे. तिथे ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठ ते नव्वद वर्षांच्या आज्या, गुलाबी लुगडं, पाठीला दप्तर. फोटो सगळ्यांनी बघितलेत. फोटोत न दिसणारी गोष्ट म्हणजे शाळेची वेळ, दुपारी दोन ते चार. सकाळची कामं उरकलेली, संध्याकाळची सुरू व्हायची. ज्यानं ती वेळ ठरवली त्याला आज्यांचा दिवस माहीत होता. तसंच साक्षरतेच्या उल्लास कार्यक्रमाचं. १७ मार्च २०२४ रोजी महाराष्ट्रात त्याची पहिली परीक्षा झाली, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान, प्रत्येकी पन्नास गुण. परीक्षा गावच्या शाळेतच, आणि दिवसभरात आपल्या सोयीनं यायची मुभा. म्हणून लोक मजुरी आटोपून, स्वयंपाक करून, नातवाला कडेवर घेऊन आले. दहावीच्या बोर्डाला एवढी मोकळीक देता येणार नाही हे समजतं. पण तयारीचा वर्ग तर आपल्या हातात आहे.

मराठवाड्यातल्या बहुतेक गावांत आता शादीखाना झाला आहे. आमच्याकडेही आहे. लग्नाचे दिवस सोडले तर वर्षातले कितीतरी दिवस तो बंद असतो. पंखे आहेत, ट्यूबलाइट आहेत, खुर्च्या आहेत, पाठीच्या आहेत. मोहल्ल्यात निवृत्त शिक्षक माझ्यासकट चार-पाच तरी निघतील, उर्दूचे आणि मराठीचे. बारावी झालेल्या पोरी आहेत, त्या गणित शिकवू शकतात. लहान मुलांना त्याच हॉलच्या एका कोपऱ्यात खेळायला सोडता येईल, त्यांच्यावर लक्ष ठेवायला दुपारी रिकामे असलेले त्यांचे बाप आणि आजोबा पाळीपाळीनं बसतील. हा शेवटचा भाग ऐकून कमिटीतले एकजण म्हणाले, "मर्द लोग बच्चे संभालेंगे?" मी म्हणालो, हज हाऊसमध्ये तर सामानसुद्धा सांभाळतात.

पुढच्या जुम्म्याच्या नमाजनंतर कमिटीची बैठक आहे. शादीखान्याच्या चाव्या सेक्रेटरींकडे असतात. दुपारी दोन ते चार, एवढीच मागणी लिहून ठेवली आहे. आपाकडून अर्जाखाली पहिली सही घेतली. दुसरी सुनेची आहे.